अर्ध्या मिनिटाची शांतता

१

नव्या सेटवर माझं पहिलं काम काहीच न करण्याचं असे. दिवे लागायचे, पंखे बंद व्हायचे, मी माझ्या काचेच्या खोलीतून लाल दिवा लावायचो आणि साठ-सत्तर माणसं जागच्या जागी थिजायची. अर्धं मिनिट. कोणी खोकायचं नाही, पाय सरकवायचा नाही, खिशातली किल्लीसुद्धा वाजवायची नाही. त्या जागेची शांतता मी फिल्मवर भरून घ्यायचो.

लोकांना वाटतं, शांतता सगळीकडे सारखीच. तसं नसतं. लाकडी खोलीची वेगळी, विटांच्या गराजची वेगळी, माणसांनी भरलेल्या आणि तरी गप्प असलेल्या जागेची तर फारच वेगळी. दोन संवाद जोडताना मध्ये फट राहिली, तर ती त्याच जागेच्या शांततेने बुजवावी लागते. म्हणून ते अर्धं मिनिट.

मी आधी दहा वर्षं सेंट लुईसला टेलिफोन कंपनीत होतो. सिनेमा बोलायला लागला तेव्हा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंना तारा आणि आवाज कळणारी माणसं हवी होती, म्हणून आम्ही बरेच जण पश्चिमेला आलो. मी डाव्या कानाने ठार बहिरा आहे हे मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सातव्या वर्षी तांबडा ताप आला होता. डॉक्टरने त्या कानाशी घड्याळ धरलं तेव्हा मला त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला, टिकटिक आली नाही. पण माझा उजवा कान इतरांच्या दोन कानांना भारी होता. लोक डावीकडून बोलू लागले की मी सहज वळल्यासारखा वळायचो. कोणाच्या लक्षात येत नसे.

एकतीस साल होतं. दारूवर बंदी येऊन अकरा वर्षं झाली होती, निम्मा देश पीत होता, आणि ती पोचवणाऱ्या टोळ्यांवर त्या वर्षी जो तो सिनेमा काढत होता. आमचाही तोच. दिग्दर्शक होता गॅरिक स्ट्राउड. सेट म्हणजे टोळीचं गराज: बिअरची पिंपं, दोन ट्रक आणि मागे खऱ्या विटांची जाड भिंत. भिंत खरी होती, कारण गोळ्या खऱ्या असणार होत्या. तेव्हा तशीच रीत होती. एमेट सोर्ली नावाचा माणूस होता, महायुद्धात मशीनगनवर बसलेला. नटाच्या अंगापासून एक वीत सोडून तो भिंतीवर गोळ्यांची शिवण घालायचा. पांढऱ्या केसांचा, शांत. दारूला शिवायचा नाही, आणि कामाच्या आदल्या दिवशी कॉफीलासुद्धा.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी त्या गराजची शांतता भरायला घेतली. दहा-बारा सेकंद गेले असतील. हेडफोनमध्ये कोणीतरी हळू, अगदी सौजन्याने म्हणालं, "थांबा. बूट निघाला."

मग काहीतरी पडल्याचा आवाज. ओली गोणी जमिनीवर टाकावी तसा.

मी काचेतून पाहिलं. सगळे थिजलेले होते. कोणाचे ओठ हलत नव्हते, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी वेळ पुरी करून दिवा बंद केला. पंखे सुरू झाले, माणसं खोकली, हसली. हेडफोन काढताना माझा हात मध्येच थांबला.

तो आवाज मी डाव्या कानाने ऐकला होता.

२

टेलिफोनच्या माणसाला असल्या गोष्टींचं नवल वाटत नाही. एका तारेतलं बोलणं दुसऱ्या तारेत झिरपतं. सेंट लुईसला मी अनोळखी बायकांची भांडणं ऐकलीत, एका म्हाताऱ्याने मांजर मेल्याचं भावाला सांगितलेलं ऐकलंय. शेजारच्या सेटवर कोणी बोललं असेल, तार कुठेतरी उघडी पडली असेल. कान डावा की उजवा, त्यात काय! कवटीच्या हाडातून आवाज इकडचा तिकडे जातो, पुस्तकात दिलंय.

मी सगळ्या तारा हाताने चाचपून पाहिल्या. एकही उघडी नव्हती. शेजारचा सेट आठवडाभर बंद होता. मंगळवारी फिल्म धुऊन आली, ती ऐकली. त्या अर्ध्या मिनिटात निखळ शांतता होती. कोणी म्हणावं, किती छान भरलीय!

सोमवारी दुपारी मी पिंपांच्या मागे जेवायला बसलो होतो. वेंडेल प्रुइट माझ्या उजव्या बाजूला येऊन टेकला. तिशी ओलांडलेला, काटकुळा, कपडेपटातून मिळालेले दोन मापं मोठे बूट पायात. त्याला त्या भिंतीशी मरायचं होतं. टोळीचा ट्रक चालवणारा, फितुरीचा संशय आलेला माणूस, असं काम. एकच वाक्य होतं त्याला: "मी कोणाला सांगितलं नाही." पण वाक्य म्हणजे वाक्य. तोवर चार वर्षं तो गर्दीत उभा राहायचा. बोलायची भूमिका मिळाली की माणूस गर्दीतून बाहेर पडतो.

त्याने डबा उघडला, बायकोचं नाव घेतलं. ओपल म्हणे काकडीचं लोणचं घातल्याशिवाय सँडविच बांधतच नाही. मग, हवेबद्दल सांगावं तसं, त्याने टोलेडो शहरातलं सांगितलं. तिथे तो तीन वर्षं खरोखरच चोरट्या बिअरचा ट्रक चालवत होता. एकदा मालकाने त्याला आणि त्याच्या जोडीदाराला भिंतीशी उभं केलं. दोघांनाही विनवण्या करायला लावल्या. ज्याच्या विनवण्यांनी जास्त हसू येईल तो सुटेल, असं ठरलं होतं. "मी सुटलो," प्रुइट म्हणाला. हे त्याने मुलाखतीच्या दिवशी स्ट्राउडला सांगितलं होतं, आणि स्ट्राउडने त्याला तिथल्या तिथे घेतलं होतं.

मग त्याने डबा माझ्यापुढे केला. "घ्या ना मिस्टर हॅस्केल, एक जास्तीचं आहे."

माझा घास तोंडातच राहिला. तोच आवाज होता. तेच सौजन्य, शब्दाच्या शेवटी तसंच किंचित वर जाणं. मी सकाळी ऐकलेला माणूस माझ्याशेजारी बसून मला सँडविच देत होता.

३

मंगळवारी तालीम होती, गोळ्यांशिवाय. स्ट्राउडने प्रुइटला तेवीस वेळा मरायला लावलं. प्रुइट चांगलं करत होता, पण स्ट्राउडला चांगलं नको होतं. त्याने भिंतीपाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "टोलेडोला केलंस तसं कर. तिथे तुझ्या मित्राच्या जिवावर हसवलंस ना? मग माझ्यापुढे लाज कसली?"

प्रुइट ओशाळं हसला, आणि चोविसाव्यांदा भिंतीशी जाऊन उभा राहिला.

तालीम संपल्यावर स्ट्राउड, सोर्ली आणि मी माझ्या खोलीत होतो. स्ट्राउड म्हणाला की गोळ्या खऱ्या आहेत हे प्रुइटला सांगायचं नाही. नुसता बार काढणारी पोकळ काडतुसं आहेत असंच त्याला वाटू दे. भिंतीचा तुकडा गालाला लागला की मग चेहरा बघा. सोर्लीला ते आवडलं नाही. आपण ज्याच्याजवळ गोळ्या घालतो त्याने खिळल्यासारखं उभं राहायचं असतं, आणि त्यासाठी त्याला माहीत असावं लागतं, असं त्याचं म्हणणं. स्ट्राउडने त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, तुला दुसरा कोणी गनवाला सुचवता येतो का? सोर्ली गप्प बसला. मीही.

ते गेल्यावर मी एक प्रयोग केला. उजव्या कानात कापूस कोंबला, वरून मेण लावलं. रिकाम्या सेटचा माइक चालू करून हेडफोन घातले. सुतार खाली हातोड्या मारत होते, त्यांचे हात वर-खाली होताना दिसत होते, पण मला ठोका ऐकू येत नव्हता. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं.

"थांबा. बूट निघाला."

आणि गोणी पडली.

मी सरळ स्ट्राउडकडे गेलो. त्या काळात आवाजाच्या माणसाच्या हातात एक हत्यार होतं, ते मी कधी वापरलं नव्हतं. मी म्हणालो, "प्रुइटचा आवाज धरत नाही. फाटतो."

त्यावर कोणी वाद घालायचं नाही. मोठमोठ्या नट्या त्या एका वाक्याने घरी बसल्या होत्या. स्ट्राउड चिडला, सिगारेट विझवली, आणि म्हणाला, "मग कोण? उद्यापर्यंत मला भिंतीशी माणूस हवा. तूच सांग, कोणाचा आवाज धरतो?"

इथे मला थांबून खरं ते सांगायला हवं.

कॅस डॉर्नन नावाचा एक धिप्पाड माणूस आमच्याकडे होता. मारामाऱ्या, घोड्यावरून पडणं, जिन्यावरून गडगडणं, ही त्याची कामं. महिनाभरापूर्वी माझं गुपित त्याला कळलं होतं. मी रांगेत उभा असताना तो डाव्या बाजूने काहीतरी बोलला, मी वळलो नाही. तो पुन्हा बोलला. मग तो सावकाश माझ्यासमोर आला, डोळ्यांत बघितलं, आणि हसून म्हणाला, "काय रे अर्ध्या?" तेव्हापासून तो मला चारचौघांत 'अर्ध्या' म्हणत होता. लोकांना वाटायचं, माझ्या उंचीवरून. त्याने कधी काही मागितलं नाही. पण रोज सकाळी फाटकातून शिरताना मला वाटायचं, आज हा सांगणार.

"डॉर्नन," मी म्हणालो. "त्याचा आवाज खणखणीत आहे."

खणखणीत होताच.

४

प्रुइटला बुधवारी सकाळी फाटकावरच सांगितलं. तो तरीही आत आला, माझ्या खोलीच्या लोखंडी जिन्याखाली टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी खाली उतरलो.

त्याने भांडण केलं नाही. आपला आवाज नेमका कुठे बिघडतो हे विचारलं, म्हणजे सुधारता येईल. मी काहीतरी सांगितलं: वरच्या पट्टीत चिरकतो, नाकात जातो. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधून मान हलवत होता. मग म्हणाला, "ओपलला काल रात्री सांगून बसलो होतो. असो." आणि बूट परत करायला कपडेपटाकडे गेला.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं हे मी कबूल करतो. माणूस जिवंत होता, चालत होता. एक भूमिका गेली तर गेली.

बुधवारी नवी शांतता भरायची गरज नव्हती. मी भरली. लाल दिवा लावला, सगळे थिजले. डॉर्नन भिंतीपाशी, प्रुइटचाच कोट घालून. कोटाची शिवण खांद्यात ताणलेली. मी हेडफोन घातले आणि सेकंद मोजले. दहा. पंधरा. काही नाही. वीस. मला हसू यायला लागलं होतं.

"ए, थांबा. बूट निघाला."

डॉर्ननचा आवाज. खणखणीत.

मग गोणी पडली. मी खाली जाऊन त्याचे पाय पाहिले. प्रुइटचेच बूट होते ते, पण डॉर्ननचे पाय म्हणजे फावडी. बूट इतके घट्ट होते की घालताना कपडेपटातल्या बाईला धातूची पट्टी सारावी लागली होती. टाच आत सरकली तेव्हा तो कण्हला होता. ते बूट निघणं शक्यच नव्हतं. मी स्वतःला हे दिवसभर सांगत राहिलो. जे होऊच शकत नाही त्याची भीती कसली?

५

गुरुवारी सकाळी दहाला शॉट होता. नऊ वाजता मी सोर्लीला गाठलं. तो तिवईवर बसवलेली गन कापडाने पुसत होता. मी म्हटलं, आज एक वीत जास्त सोड.

त्याने मान वर केली. "मी बारा वर्षांत कोणाला ओरखडा काढलेला नाही."

"माहीत आहे."

"मग?"

मी काय सांगणार? म्हटलं, डॉर्नन आडदांड आहे, प्रुइटपेक्षा रुंद. सोर्लीने थोडा विचार केला आणि बरं म्हणाला.

मग मी डॉर्ननकडे निघालो. मी ठरवलं होतं. गोळ्या खऱ्या आहेत, एवढंच सांगायचं. कानाचं नाही, आवाजाचं नाही, फक्त एवढंच: गोळ्या खऱ्या आहेत, काही झालं तरी वाकू नकोस. स्ट्राउडला कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण मी खरंच निघालो होतो.

डॉर्नन पाच-सहा जणांत उभा होता. मला येताना पाहून त्याने तोंडाशी बोट नेलं, सगळ्यांना गप्प केलं, आणि मुद्दाम मोठा वळसा घालून माझ्या डाव्या अंगाला आला. कमरेत वाकला, दरबारात वाकतात तसा. त्याचे ओठ माझ्या कानाशी आले. उबदार श्वास लागला. तो काहीतरी बोलत होता, बराच वेळ. मला एक अक्षरही कळलं नाही. समोरची माणसं हसत सुटली. एकाच्या हातातली कॉफी सांडली.

तो सरळ झाला आणि माझ्याकडे बघत थांबला. उत्तराची वाट बघावी तसा.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. मान वळवली आणि जिना चढून माझ्या काचेच्या खोलीत जाऊन बसलो.

६

पहिला टेक नीट झाला.

डॉर्नन म्हणाला, "मी कोणाला सांगितलं नाही." गन सुरू झाली. त्याच्या डोक्याच्या बाजूला विटांचा भुगा उडाला, शिवण खाली खाली खांद्यापर्यंत आली, थांबली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गोळ्या खऱ्या आहेत हे त्याला तेव्हा कळलं. तो हलला नाही, वाकला नाही. स्ट्राउडने कट म्हटलं. डॉर्नन गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत राहिला, मग शिवी हासडून हसला, आणि सगळे टाळ्या वाजवू लागले.

मी हेडफोन गळ्यात टाकून खुर्चीत मागे रेललो. झालं. संपलं. मी मूर्ख होतो, आणि मूर्ख ठरण्याइतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

खाली स्ट्राउड भिंतीवरची भोकं बघत होता. त्याने बोटांनी अंतर मोजलं. "ही दोन विती आहेत," तो सोर्लीला म्हणाला. "भिंत मरतेय, माणूस नाही. पुन्हा. आणि आता वीतभरही नको मला. अर्धी."

सोर्लीने वर माझ्या काचेकडे पाहिलं. मी काय खूण करायला हवी होती ते मला माहीत आहे. मी नुसता बसून होतो.

डॉर्नन स्वतःच म्हणाला, चालेल, आता माहीत आहे मला, हलणार नाही. त्याला वाक्य मिळालं होतं. त्याला ते चांगलं करायचं होतं.

लाल दिवा. पंखे बंद. टेकच्या आकड्याची पाटी. मी हेडफोन कानांवर घेतले.

"मी कोणाला सांगितलं नाही."

गन सुरू झाली. माझं लक्ष भिंतीकडे नव्हतं, त्याच्या पायांकडे होतं. म्हणून मी पाहिलं. इतर साठ माणसांपैकी कोणीच पाहिलं नाही, कारण गन चालू असताना पायांकडे कोण बघतं?

त्याचा उजवा पाय जमिनीवर घट्ट होता. पाय हलत नव्हता. बूट हलत होता. टाच आपसूक मोकळी होत होती, अगदी सावकाश. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून त्याचे बूट घरातलं कोणी काढतं ना, तसं. टाचेच्या खाली, भिंत आणि जमीन मिळते तिथल्या सावलीत, बुटाला धरलेली मला चार बोटं दिसली. बोटांना घाई नव्हती.

डॉर्ननने खाली पाहिलं. "ए, थांबा. बूट निघाला."

आणि तो वाकला.

सोर्लीने चापावरून बोट काढलं, पण गनला थांबायला लागतो तेवढा वेळ लागलाच. गोणी पडल्याचा आवाज मी चौथ्यांदा ऐकला. या वेळी दोन्ही कानांनी.

कोणी ओरडलं नाही. त्या शांततेत स्ट्राउडचा आवाज आला, हलका, मुलाला थोपटताना काढतात तसा. "कॅमेरा बंद करू नका," तो म्हणाला. "अजून नाही."

७

मी खाली पोचलो तेव्हा डॉर्ननवर ताडपत्री टाकली होती. उजव्या पायात नुसता मोजा. बूट भिंतीपाशी होता. आडवा पडलेला नव्हता. उभा, सरळ, टाच भिंतीला लावून नीट ठेवलेला. मी कपडेपटातल्या बाईला विचारलं की हा इथे कोणी ठेवला. ती रडत होती, तिला कळलं नाही मी काय म्हणतोय. नाडीची गाठ तशीच होती. दुहेरी, करकचून मारलेली.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली, कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर. नट सूचना मोडून वाकला, असं ठरलं. मला एकच प्रश्न होता: तुम्ही हेडफोनवर काय ऐकलंत? मी म्हणालो, वाक्य आणि गोळ्या. लिहिणाऱ्याने लिहून घेतलं.

बाहेर बाकावर सोर्ली बसला होता. सिगारेट तोंडात होती, काडी पेटत नव्हती. मी पेटवून दिली. त्याने एक झुरका घेतला. मग म्हणाला, "तू मला एक वीत जास्त सोडायला सांगितलंस. तुला कसं कळलं?"

"अंदाज," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्याला पटलं की नाही, ठाऊक नाही. तो म्हणाला, "त्या दिवशी सकाळी तो तुझ्या कानाशी लागला तेव्हा मी तुझ्या मागे होतो. तो बोलत होता ते तुला ऐकू आलं नाही ना?"

मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो.

"आभार मानत होता तुझे. म्हणाला, तूच माझं नाव सुचवलंस हे मला कळलंय. नऊ वर्षं घोड्यांवरून पडतोय, पहिल्यांदा कोणी मला बोलायला दिलं. म्हणाला, तुझ्या कानाची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, सांगणारही नाही. तोंडावर म्हणायची लाज वाटली असेल. म्हणून ऐकू न येणाऱ्या बाजूने म्हणाला." सोर्लीने राख झटकली. "बाकीच्यांना वाटलं, चेष्टा चाललीय."

सिनेमा शरद ऋतूत लागला. तो शॉट त्यात आहे. वाकण्याआधी तोडलाय, आणि मग पडलेला माणूस दाखवलाय, थोडा जास्तच वेळ. मी पहिल्या दिवशी गेलो होतो. ती जागा आली तेव्हा थिएटरात एक बाई हळूच म्हणाली, "किती खरं वाटतं!"

मी काम सोडलं नाही. नव्या सेटवर अजूनही शांतता भरतो, फक्त हेडफोन घालत नाही. यंत्रावरच्या आवाज दाखवणाऱ्या सुईकडे पाठ करून बसतो.

८

चौतीसच्या वसंतात, बंदी उठल्यावर, स्टुडिओसमोरच्या कोपऱ्यावर एक उघडी खानावळ निघाली होती. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या टाकून, लोक बिअर पीत बसायचे आणि मधूनच दाराकडे बघायचे. अजून कोणाचा विश्वास बसत नव्हता. मी तिथे जेवत होतो. एक माणूस खांद्यावर पिंप घेऊन मागच्या दाराने आला, ते टेकवलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं. वेंडेल प्रुइट. टोपीवर बिअर कंपनीचं नाव होतं.

त्याने मला ओळखलं. येऊन उभा राहिला, मी बस म्हटल्यावर बसला. ओपल बरी आहे म्हणाला. स्टुडिओंनी पुन्हा कधी बोलावलं नव्हतं. 'आवाज धरत नाही' हे एकदा चिकटलं की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा ते ऐकून असतो. तो आता ट्रक चालवत होता, परवान्यासकट. त्याचं त्यालाच हसू आलं.

डॉर्ननचं नाव त्याने घेतलं, टोपी हातात फिरवत. "मी असतो तिथे," तो म्हणाला. "ओपल म्हणते, देवाने वाचवलं. मी तिला म्हणतो, देवाने नाही, गळ्याने." मग जरा पुढे झुकला. "मिस्टर हॅस्केल, एक विचारू? मी दोन वर्षं घरच्या गराजमध्ये रोज मोठ्याने वाचत होतो. पेपर, बायबल, जे मिळेल ते. तुम्ही सांगितलं तसं, नाकातून न जाऊ देता. ओपल समोर बसून ऐकायची. ती म्हणायची, काही बिघडलेलं नाही तुझ्या आवाजात. कधी कधी मलाही वाटायचं. तुम्ही खरं सांगा. इतका वाईट होता?"

टेबलावर ऊन पडलं होतं. त्याच्या मनगटावर पिंपाच्या कडीचा लाल वळ उठला होता. मी सांगू शकलो असतो. पण ते सांगायला सुरुवात केली असती तर मला डॉर्ननच्या नावापर्यंत जावं लागलं असतं.

"हो," मी म्हणालो. "वाईट होता. वाचून सुधारण्यातला नव्हता."

त्याने हळूहळू मान हलवली. चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला, माझ्या अपेक्षेपेक्षा फार जास्त. "बरं झालं विचारलं," तो म्हणाला. "आता डोक्यातून जाईल." माझा हात हातात घेऊन दाबला, टोपी घातली आणि निघाला.

बाहेर जाऊन त्याने त्याच्या सोबत्याला ट्रक मागे घ्यायला हाक मारली. रस्त्यावर ट्राम होती, भोंगे होते, शेजारी रस्ता खणत होते. त्या सगळ्यातून त्याचं एकेक अक्षर सुटं, गोल आणि उबदार माझ्यापर्यंत आलं. इतका चांगला आवाज मला माझ्या सगळ्या नोकरीत दुसरा भेटला नाही.